डीएनएमधला चेहरा : शोध एकाचा, संशय साऱ्या वस्तीवर

२०२५ च्या मे महिन्यात शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपतीच्या परिसरात एक स्त्री आणि दोन लहान मुले यांचे अर्धवट जळालेले मृतदेह सापडले. खून कुणी केला हा प्रश्न पुढचा. ही माणसे कोण, हेच आधी कळेना. ओळख पटावी म्हणून पोलिसांनी त्या स्त्रीच्या हातावरचे गोंदण लोकांसमोर ठेवले. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यात पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातील सात जणांचे मृतदेह काही दिवसांच्या अंतराने मिळाले होते. आरंभी सामूहिक आत्महत्येचे वाटलेले ते प्रकरण तपासात खुनाचे निघाले.

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन काठांवरचे तालुके. एकातून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो, दुसऱ्यातून पुणे-सोलापूर महामार्ग. दौंडला रेल्वेचे जंक्शन, रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी, न्हावरे आणि पाटसला साखर कारखाने. ऊसतोडीला मराठवाड्यातून टोळ्या येतात, कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार असतात. अशा मुलखात कुणालाही न ओळखता येणारा मृतदेह मिळणे ही पोलीस ठाण्यांना नवी गोष्ट नाही.

आता असे समजा, की हाडाचा एक तुकडा प्रयोगशाळेत दिला आणि तिथून उत्तर आले : या व्यक्तीचे डोळे बहुधा तपकिरी, केस काळे, वर्ण सावळा आणि पूर्वज अमुक प्रदेशातले. हे तंत्र आज जगात अस्तित्वात आहे. त्याला फॉरेन्सिक डीएनए फिनोटायपिंग म्हणतात. आपण त्याला ‘डीएनएवरून रूपाचा अंदाज’ म्हणू. बेवारस मृतदेहाच्या बाबतीत त्याचा उपयोग कुणालाही पटेल. पण हेच तंत्र घटनास्थळी सांडलेल्या अनोळखी गुन्हेगाराच्या रक्तावर वापरले, तर प्रयोगशाळा ज्या माणसाचे वर्णन करते तो एकटा त्या वर्णनात बसत नाही. त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्या कुळातले, त्याच्या जमातीतले सगळेच त्यात बसतात. त्यांनी गुन्हा केलेला नसतो, नमुना दिलेला नसतो, संमतीही दिलेली नसते. खासगीपणाचा खरा प्रश्न या लोकांचा आहे, आणि आपल्याकडे तो अधिक गंभीर का आहे हे या लेखात पाहायचे आहे.

जुळवणी वेगळी, अंदाज वेगळा

‘डीएनए तपासणी’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा बहुतेक वेळा ती जुळवणी असते. इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधलेल्या आणि भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी उभ्या केलेल्या विद्येतून ती पुढे आली. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. कुणात सात वेळा, कुणात अकरा वेळा. अशा वीसेक जागांवरचे आकडे मांडले की माणसागणिक वेगळी अशी आकड्यांची रांग तयार होते. घटनास्थळावरची रांग आणि संशयिताची रांग जुळते का, एवढेच पाहायचे. या रांगेवरून माणूस गोरा की काळा, हे सांगायचा हेतूच नसतो. मुळात या जागा निवडल्याच गेल्या त्या रूपाशी संबंध नसलेल्या भागांतून.

जुळवणीसाठी संशयित आधी हाती असावा लागतो. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या एसटीच्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. त्यातील आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावचा. पोलिसांनी ड्रोन आणि श्वानपथक घेऊन उसाच्या फडांत शोध घेतला आणि गावकऱ्यांच्या मदतीने त्याला पकडले. तो कोण हे सीसीटीव्हीवरून आधीच कळले होते. अशा प्रकरणात डीएनएचे काम नंतरचे, पुराव्याचे.

रूपाचा अंदाज याच्या उलट दिशेने चालतो. संशयित माहीत नाही, नोंदणीत जुळणी नाही, साक्षीदार नाही. तेव्हा डीएनएलाच साक्षीदार करायचे. त्यासाठी वेगळ्या जागा वाचाव्या लागतात, ज्यांच्यावर डोळ्यांचा, केसांचा, कातडीचा रंग अवलंबून असतो. युरोपात तयार झालेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत असे ४१ बिंदू वाचले जातात. म्हणजे जुळवणीत माणसाची खूण वाचली जाते, अंदाजात माणूस वाचला जातो. कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे ती एकाच शब्दाखाली झाकली जातात.

अंदाज कितपत खरा?

डोळे निळे की तपकिरी, हे ही पद्धत चांगले सांगते. अडचण येते मधल्या छटांत. हिरवट, राखाडी, मधाच्या रंगाचे डोळे तिला नीट ओळखता येत नाहीत. मराठी माणसाला हे लगेच कळावे, कारण आपल्याकडे काळ्या-तपकिरी डोळ्यांखेरीज जे डोळे दिसतात त्यांना आपण ‘घारे’ म्हणतो, आणि घारे म्हणजे नेमकी हीच मधली छटा. शिवाय ‘घारे’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एक विशिष्ट पोटजात उभी राहते. वस्तुतः घारे डोळे अनेक जातींत आढळतात. प्रयोगशाळेने सांगितला रंग, लोकांनी ऐकली जात, असे आपल्याकडे सहज होऊ शकते.

वर्णाचेही तसेच. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या अभ्यासातून एसएलसी२४ए५ या जनुकाचा मानवी वर्णाशी असलेला संबंध दाखवला. पुढे सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवले, की या जनुकाचे गोरेपणाकडे नेणारे रूप भारतीयांत आणि युरोपीयांत एकाच मुळापासून आलेले आहे, आणि भारतात त्याचे प्रमाण प्रदेशागणिक, समाजागणिक बदलते. परंतु वर्ण अनेक जनुकांवर अवलंबून असतो आणि उन्हावरही. वर्षभर फडात राबणारा आणि सावलीत बसून काम करणारा, हे सख्खे भाऊ असले तरी एका वर्णाचे दिसत नाहीत. डीएनए ऊन मोजत नाही. वय, अंगकाठी, दाढीमिशी, टक्कल, जखमेचा व्रण यांपैकी बहुतेक गोष्टी त्यातून मिळत नाहीत किंवा धूसर मिळतात.

तरीही काही खासगी कंपन्या पोलिसांना चक्क चेहऱ्याचे चित्र काढून देतात. अमेरिकेतील पॅराबॉन नॅनोलॅब्ज ही त्यातली नामांकित. तिच्या चित्रातला माणूस २५ वर्षांचा आणि मध्यम अंगाचा धरलेला असतो, कारण खरे वय आणि वजन डीएनएवरून कळलेले नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅनडातील एडमंटन पोलिसांनी एका अत्याचाराच्या तपासात असे चित्र प्रसिद्ध केले. त्यात एक कृष्णवर्णीय तरुण दिसत होता, असा की त्या शहरातल्या कितीतरी निरपराध तरुणांना तो आपल्यासारखा वाटावा. टीका होताच दोन दिवसांत पोलिसांनी चित्र मागे घेऊन माफी मागितली.

तीन देश, तीन अनुभव

हे तंत्र केवळ अन्यायच करते, असे म्हणणे खरे नाही. नेदरलँड्समध्ये १९९९ साली फ्रीसलँड प्रांतात १६ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. जवळच निर्वासितांचे केंद्र होते. गावाने गुन्हेगार तिथलाच, असे ठरवून टाकले आणि वातावरण तापले. डीएनएच्या तपासणीतून गुन्हेगाराचे पूर्वज पश्चिम युरोपातले असावेत असे निघाले. २००३ मध्ये त्या देशाने असा अंदाज घेण्यास परवानगी देणारा कायदा केला. २०१२ मध्ये आसपासच्या सात हजारांवर पुरुषांनी स्वेच्छेने नमुने दिले आणि गुन्हेगार सापडला. तो त्याच परिसरातला एक शेतकरी होता. इथे विज्ञानाने अल्पसंख्य निर्वासितांवरचा आळ दूर केला.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात २००२-०३ मध्ये स्त्रियांच्या खुनांची मालिका चालू होती. गुन्हेगार गोरा आहे असे धरून पोलिसांनी शेकडो पुरुषांचे नमुने गोळा केले. डीएनएवरून पूर्वजांचा अंदाज घेतल्यावर तो आफ्रिकी वंशाचा असल्याचे दिसले, तपासाची दिशा बदलली आणि आरोपी पकडला गेला. पण आधी ज्या शेकडो लोकांनी नमुने दिले, ते कुठल्याही गुन्ह्यात नव्हते.

जर्मनीचा अनुभव तिसरा आणि आपल्यासाठी सर्वांत बोलका. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला. घटनास्थळी मिळालेला स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील डझनावारी गुन्ह्यांत सापडलेल्या डीएनएशी जुळला. ही ‘अदृश्य स्त्री’ पूर्व युरोपातली असावी असा पूर्वजांचा अंदाज निघाला. घटनास्थळाजवळ फिरस्ती कुटुंबे उतरली होतीच. मग रोमा आणि सिंती समाजावर संशयाची सुई स्थिरावली. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला : तो डीएनए नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. खून एका नवनाझी टोळीने केला होता, हे २०११ मध्ये उघड झाले. डीएनएने फिरस्त्यांवर संशय निर्माण केला नव्हता. तो लोकांच्या मनात आधीच होता. डीएनएने त्याला विज्ञानाचा शिक्का दिला.

पुढे २०१९ मध्ये जर्मनीने कायदा बदलून डोळे, केस, वर्ण आणि वय यांचा अंदाज घ्यायला परवानगी दिली. पूर्वजांच्या प्रदेशाचा अंदाज मात्र त्यातून वगळला.

आपल्या मातीतला प्रश्न

शिरूर आणि दौंड या तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत प्रत्येकी पावणेचार लाखांच्या वर होती. समजा, इथल्या एका दरोड्यातील रक्तावरून अहवाल आला : डोळे तपकिरी, केस काळे, वर्ण सावळा. या अहवालाचा तपासाला उपयोग शून्य, कारण तो जवळजवळ सर्वांना लागू पडतो. उपयोग केव्हा होईल? अहवाल जेव्हा थोड्या लोकांकडे बोट दाखवील तेव्हा. म्हणजे हे तंत्र बहुसंख्याकांबद्दल काही सांगत नाही, आणि सांगते तेव्हा अल्पसंख्याकांबद्दल सांगते. बोट बहुसंख्याकांकडे वळले तर कुणाच्या दारात पोलीस जात नाहीत. अल्पसंख्य वस्तीकडे वळले तर सगळ्या वस्तीच्या दारात जातात. अंदाज अगदी अचूक असला तरी ही विषमता उरतेच.

भारतात ‘पूर्वज’ या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटतो. युरोप-अमेरिकेत पूर्वज म्हणजे खंड किंवा प्रदेश. आपल्याकडे शतकानुशतके जातीतल्या जातीत लग्ने झाली, त्यामुळे अनेक समाजांचा जनुकीय ठसा शेजारच्या समाजापेक्षा थोडा वेगळा राहिला आहे. डीएनएत जातीचे नाव लिहिलेले नसते. पण जातवार नमुन्यांचा साठा करून त्याच्याशी तुलना केली, तर ‘या समाजाशी जवळीक दिसते’ असे संख्याशास्त्रीय उत्तर काढता येईल. तपासाच्या कागदावर हे उत्तर ‘आरोपी अमुक जातीचा’ असे होऊन उतरायला वेळ लागणार नाही.

असा कागद आपल्याकडे पूर्वी निघालेला आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार ठरले. ठरल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, बोटांचे ठसे सरकारजमा. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच कायद्याची. त्याच काळात हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. शरीराच्या मापावरून समाजाची प्रतवारी करण्याला तेव्हाही विज्ञानच म्हणत. पुण्याच्या इरावती कर्वे बर्लिनला कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध लिहायला गेल्या, तेव्हा त्यांच्या मोजमापांनी त्यांच्या मार्गदर्शकाच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला दुजोरा दिला नाही. मोजमाप प्रामाणिक असले की ते पूर्वग्रहालाही नाकारते. पण मोजमाप कुणाच्या हाती आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावरून जमात गेली, मनातून गेली नाही. शिरूर-दौंडच्या माळांवर पारध्यांची पाले आणि वस्त्या आहेत. कुठे घरफोडी झाली की पहिली चौकशी तिथे होते, हे या भागात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारित भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. एकविसाव्या शतकातही हे बजावावे लागते, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

भावकीचा डीएनए

आणखी एक प्रकार गावाकडच्या वाचकाने समजून घ्यावा असा आहे. पुरुषाचे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आजा, चुलता, चुलतभाऊ, त्यांची मुले या सर्वांचे वाय सारखेच. ज्या गावात एकाच आडनावाची शंभर घरे आहेत, तिथे घटनास्थळावरचे वाय एका पुरुषाशी जुळले तर ते भावकीतल्या बहुतेक सगळ्या पुरुषांशी जुळते. म्हणजे एकाने नमुना दिला की त्याने साऱ्या भावकीचा नमुना दिला. नमुना देताना त्याने कुणालाच विचारलेले नसते.

यात दुसरे एक दुखणे दडलेले असते. अशा तपासणीत बापलेकाचे वाय जुळत नाही, असेही कधी निघते. गुन्ह्याशी त्याचा काही संबंध नसतो, पण फायलीत नोंद झालेली गोष्ट गावात फुटायला किती वेळ लागतो? त्यातून एखाद्या बाईचा संसार मोडला, तर त्याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर बंधन आणायचे तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे, ही कसोटी त्यातून मिळाली. आता प्रत्यक्ष कायदे पाहू.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा ऑगस्ट २०२२ पासून अमलात आहे. त्यात ‘मोजमाप’ या शब्दाच्या व्याख्येत जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण येते. कोणते विश्लेषण, याची मर्यादा नाही. नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. निर्दोष सुटल्यास त्या नष्ट करायच्या आहेत, पण न्यायालय कारण नोंदवून वेगळा आदेश देऊ शकते. स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे किंवा किमान सात वर्षे शिक्षेचे गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत अटक झालेल्याला जैविक नमुना देण्याची सक्ती नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटक केलेल्याच्या वैद्यकीय तपासणीत डीएनएबरोबर ‘आवश्यक वाटतील त्या इतर चाचण्या’ असा मोकळा शब्दप्रयोग आहे.

डीएनएसाठी स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून विधेयक आले होते. २०१९ मध्ये मांडलेल्या विधेयकावर जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. डीएनएतून वर्ण, आजार, वंशावळ अशी संवेदनशील माहिती कळू शकते आणि जात किंवा समाज गुन्ह्याशी जोडण्यासाठी तिचा गैरवापर होऊ शकतो, ही भीती त्यात मांडली होती. जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात गुन्ह्याच्या तपासाला मोठ्या सवलती आहेत. एकूण चित्र असे, की नमुना घेण्याची सत्ता स्पष्ट आहे आणि त्यातून काय वाचू नये हे कुठेच स्पष्ट नाही.

आधीची पायरीही अजून कच्ची आहे. जुलै २०२५ मध्ये एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावेत आणि ते कुणाकुणाच्या हातून गेले याची नोंदवही ठेवावी, असे देशभरातील पोलिसांना सांगावे लागले. हाइलब्रॉनच्या कापसाच्या काड्या इथे आठवाव्यात.

मग काय करावे?

विज्ञानाला दार बंद करणे हे उत्तर नव्हे. मेलेल्याला नाव मिळवून देणे हे मोठे काम आहे. बेवारस मृतदेह आणि हरवलेली माणसे यांच्यासाठी रूपाचा अंदाज वापरायला हरकत नसावी. तिथे तो कुणाला संशयित करत नाही, उलट कुणाच्या तरी घरचा शोध संपवतो.

जिवंत माणसावर संशय घेण्यासाठी वापरायचा, तर त्याआधी काही गोष्टी कायद्यात लिहिल्या पाहिजेत. खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यात, बाकीचे मार्ग संपल्यावर आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच ही चाचणी व्हावी. जातीचा किंवा जमातीचा अंदाज काढण्यास पूर्ण बंदी असावी. अहवाल शक्यतेच्या भाषेत असावा आणि चित्र काढून ते प्रसिद्ध करू नये. अंदाजाच्या जोरावर एखाद्या वस्तीतून सरसकट नमुने घेऊ नयेत. आजार आणि नातेसंबंध यांची माहिती निघालीच तर ती फायलीत जाऊ नये. स्वेच्छेने दिलेले नमुने जुळले नाहीत तर ठरावीक मुदतीत नष्ट करून तसे लेखी कळवावे. आणि भारतीय समाजांवर ही पद्धत किती चुकते, हे आधी तपासून जाहीर व्हावे. युरोपच्या नमुन्यांवर बेतलेली फूटपट्टी आपल्या माणसांना जशीच्या तशी लावू नये.

सामान्य माणसानेही एवढे करावे. नमुना मागितला गेला तर तो कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या गुन्ह्यात हे लेखी मागावे. तो सक्तीचा की ऐच्छिक, हे विचारावे. ऐच्छिक असेल तर आपण एकट्याचा नव्हे, तर घरादाराचा नमुना देत आहोत याची जाणीव ठेवून निर्णय घ्यावा. ग्रामसभेत, शाळेत, वकिलांच्या संघटनांत यावर बोलणे सुरू व्हावे. मुंबईत कलिन्याच्या किंवा पुण्यात गणेशखिंडीतल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हे यंत्र येईल तेव्हा नियमही सोबत आलेले असावेत. हजेरीचा कायदा जाऊन सत्तर वर्षे उलटली. पारध्याच्या पोराला आता रक्ताची हजेरी द्यावी लागू नये, एवढी काळजी तंत्र येण्याआधीच घेता येईल.